ऑइल बदलल्यावर फिल्टरपाशी गळती: माझा अनुभव

मिनीबसची कॅम्पर केलीय, ऑइल घरीच बदलतो. यावेळी ऑइल आणि फिल्टर बदलून रंकाळ्याला चक्कर मारून आलो तर फिल्टरखाली तळहाताएवढा काळा डाग. फिल्टर आणखी आवळला, ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टचा वायसर बदलला, गळती तशीच. दोन रविवार मातीत गेले. शेवटी उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी फोनवर एवढंच विचारलं, "जुनं रबर निघालंय न्हवं?"

इंजिन गार झाल्यावर फिल्टर खोलला. इंजिनावर फिल्टर टेकतो त्या बैठकीला जुन्या फिल्टरची रबरी रिंग चिकटलेली, तिच्यावर नवी! नखानं सोलून काढली, बैठक फडक्यानं पुसली. नव्या रिंगला बोटानं ताजं ऑइल लावलं. फिल्टर हातानंच बसवला. रबर टेकल्यावर पाऊण फेरा, पाना अजिबात नाही. सांडलं तेवढं ऑइल भरलं, पाच मिनिटं इंजिन चालवलं, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहिली. रात्री खाली पुठ्ठा अंथरला. सकाळी कोरडा.