जुना रेकॉर्ड प्लेअर चालू करायचाय? आधी सुईवरचं नाणं काढा

माळ्यावरून प्लेअर काढला, पुसला, की लोक घरातली सगळ्यात लाडकी रेकॉर्ड त्यावर लावून मोकळे होतात. प्लीज नको. पहिली लावायची ती ओरखडे पडलेली, गेली तरी कुणी हळहळणार नाही अशी.

वायरचं रबर तडकलं असेल तर बदलून घ्या. प्लेअर अमेरिकेतून आलेला असेल तर नुसता ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही, तिकडची वीज 60 हर्ट्झची आणि आपली 50ची, त्यामुळे जुन्या एसी मोटरवर गाणं रेंगाळतं, पुली बदलावी लागते.

थाळी उचला. बेल्ट वितळून डांबर झालं असेल तर पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवा बेल्ट मागवा. बेल्टऐवजी रबरी चाक असेल, जुन्या गॅरार्डमध्ये असतं तसं, तर त्याची कड पुसा. मधल्या दांड्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, एकच, आणि चाकाला तो लागू द्यायचा नाही. खोबरेल घालणारे महाभाग बघितलेत मी, थंडीत ते बाटलीत गोठतं हे माहीत असून घालतात!

स्पीड बघायला ॲप नको. लेबलवर कागदाचा कपटा चिकटवा, 33 वर लावा, सुई टेकलेली असताना 3 मिनिटांत 100 फेऱ्या झाल्या की बरोबर.

आता खरी भानगड, सुईचं वजन, म्हणजे सुई रेकॉर्डवर किती भाराने टेकते ते. माझी सगळ्यात जास्त डोकेफोड इथेच झाली, कारण जो तो वेगळं सांगतो. सुई उडते? वर रुपयाचं नाणं ठेव. हा सल्ला देणाऱ्याला आपली रेकॉर्ड हातात देऊ नका. सुई उडते ती टोक झिजलंय म्हणून, आर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग अडकतंय म्हणून किंवा वजन चुकलंय म्हणून, आणि नाण्याने यातलं काहीच सुधारत नाही, फक्त झिजलेलं टोक खाचेत आणखी जोरात घासलं जातं. वारशात आलेली सुई किती वाजलीय कुणालाच माहीत नसतं, तेव्हा ती सरळ बदला, तिथे कंजूषी नको.

मग आर्मच्या मागचं गोल वजन. अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेलं बटण) शून्यावर, सुईचं झाकण काढलेलं, आणि वजन पुढेमागे फिरवत राहायचं, आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत, वरही जात नाही नि खालीही येत नाही असा. यात वेळ जातो, जाऊ दे. तरंगला की आर्म स्टँडवर अडकवायचा, वजन एका हाताने घट्ट धरायचं आणि दुसऱ्या हाताने फक्त पुढची आकड्यांची रिंग शून्यावर आणायची. रिंगबरोबर वजनही फिरलं तर सगळं पहिल्यापासून. शून्य झालं की मग मात्र दोन्ही एकत्र फिरवायचं, सुईच्या दिशेला, काट्रिजवाल्याने (काट्रिज म्हणजे आर्मच्या टोकाची, सुई बसवलेली डबी) दिलेल्या आकड्यापर्यंत. ऑर्टोफॉन टूएम रेडला 1.8 ग्रॅम, ऑडिओ टेक्निका व्हीएम 95 ई ला 2. अँटीस्केटही तेवढंच ठेवा.

कमी वजन म्हणजे रेकॉर्ड जास्त टिकते हा गोड गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत नाचते आणि भिंती फोडते, दिलेल्या मर्यादेत थोडं जड असलेलं परवडलं. रिंगवरही डोळे झाकून विश्वास नको, सोनाराच्या वजनाचा छोटा डिजिटल काटा घ्या आणि सुई त्यावर अलगद टेकवून बघा. काट्याची पाटी लोखंडी नको, काट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि आकडा खोटा येतो.

सूटकेसवाल्या जुन्या प्लेअरना मागे वजनच नसतं, आत स्प्रिंग असते, आणि सिरॅमिक काट्रिजला भारही बराच जास्त लागतो. तिथे 2 ग्रॅमचा हट्ट धरू नका. या काट्रिजला बऱ्याचदा उलटवायची सुई असते, एक बाजू 78 साठी, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डसाठी, दुसरी 33च्या एलपीसाठी. एलपीची बारीक सुई 78 वर लावली तर खाचेच्या तळाशी घासते, नुसती खरखर ऐकू येते. आणि त्या 78 वाल्या काळ्या रेकॉर्ड अल्कोहोलने अजिबात पुसू नका, लाखेच्या आहेत, विरघळतील.

जोडताना सिरॅमिक काट्रिज थेट अँपच्या ऑक्सला (साध्या इनपुटला) चालतं. मॅग्नेटिक असेल आणि आवाज मुंगीएवढा आला तर प्लेअर बिघडलेला नाही, मधे फोनो प्रीअँप, म्हणजे काट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारी पेटी, लागतो. घुंऽऽ असा आवाज येत राहिला तर अर्थची बारीक वायर अँपच्या स्क्रूला लावायची राहिलीय.