अंगणाविना कासव: पाठ मऊ पडली तर

रेड इअर स्लायडर या पाळीव पाणकासवाची पाठ दाबल्यावर लवत असेल, तर कॅल्शियमच्या आधी ऊन तपासा. खिडकीच्या काचेतून ऊब येते, पण हाडं घडवणारे उन्हातले अतिनील (यूव्हीबी) किरण काच अडवते. म्हणून शंभर लिटरचा टब स्लॅबवर नेला. पाणी पाठीच्या लांबीच्या दीडपट खोल. विटांवर खरबरीत फरशी तिरपी टेकवली, वरचं टोक पूर्ण कोरडं. ते ओलं राहिलं की पाठीला बुरशी धरते.

आपल्याकडच्या मे महिन्यात ऊन फक्त सकाळी ७ ते ८.३०. तेव्हाही अर्धा टब सावलीत हवाच, आणि वर जाळी; कावळे टपलेले असतात. पुढे टब घरात. पाणी ३० अंशांवर गेलं की थोडं थोडं बदला.

खाणं वेगळ्या घमेल्यात, पाण्यातच द्या; कोरड्यावर त्याला गिळता येत नाही. कासवखाद्याच्या गोळ्या, शेवग्याचा पाला, कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (माकुळाच्या हाडाचा) तुकडा. रोज पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं.

पाठ कडक व्हायला महिने लागतात. कंटाळून तलावात मात्र सोडू नका, देशी कासवांचं खाणं-जागा ते बळकावतं. देशी स्टार कासव (पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं) पाळणं तर १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हाच.