सायमन खेळताना डोळ्यांपेक्षा कानावर भिस्त ठेवा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीपार जातो आणि दुपारभर पोरं घरात अडकतात. अशा वेळी सायमन, म्हणजे दिव्यांचा आणि सुरांचा क्रम लक्षात ठेवायचा खेळ, बाहेर काढावा. गोल तबकडीवर चार मोठी बटणं असतात: वर डावीकडे हिरवं, वर उजवीकडे लाल, खाली डावीकडे पिवळं, खाली उजवीकडे निळं. यंत्र एक दिवा लावतं आणि त्याचा सूर वाजवतं. तुम्ही तेच बटण दाबायचं. मग तोच दिवा पुन्हा लागतो आणि त्यापुढे आणखी एक. आता दोन्ही त्याच क्रमाने दाबायची. दर फेरीला साखळी एका दिव्याने लांबते. चुकीचं बटण दाबलं किंवा तीन-पाच सेकंद हात आखडला, की भसाडा आवाज येतो आणि डाव संपतो.

रॅल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांनी तयार केलेला हा खेळ मिल्टन ब्रॅडली कंपनीने 1978 साली बाजारात आणला. त्या मूळ यंत्रात चार पातळ्या आहेत: 8, 14, 20 आणि 31 दिव्यांची साखळी. नवशिक्याने 8 वरच सुरुवात करावी. थेट 31 लावून तिसऱ्या मिनिटाला यंत्र बाजूला फेकणारी पोरं पुन्हा त्याला हात लावत नाहीत.

खरी मेख वेगात आहे. सुरुवातीला एकेक दिवा साधारण 0.42 सेकंद पेटतो. पाच दिव्यांनंतर 0.32 सेकंद, तेरानंतर 0.22. इतक्यात मनात ‘हिरवा, पिवळा, लाल’ म्हणायला वेळच मिळत नाही, म्हणून बहुतेक जण सहाव्या-सातव्या दिव्यावर घसरतात. उपाय सोपा आहे. रंगाचं फक्त पहिलं अक्षर घ्या: हि, ला, पि, नि. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात तेलुगू बोलत असतील, शेजारी कन्नड, तर ज्याला ज्या भाषेतली अक्षरं पटकन येतात त्याने ती घ्यावीत. एक रंग, एक अक्षर, एवढंच पाळा.

मग चार-चारांचे गट पाडा. हि-ला-ला-नि, पि-हि-नि-पि, असं. बारा दिवे सुटे लक्षात ठेवणं अवघड, चार-चारांचे तीन तुकडे मात्र राहतात. मोबाइल नंबरही आपण तुकडे पाडूनच सांगतो. गटाच्या शेवटी मनात किंचित थांबा. दर फेरीला साखळी पहिल्यापासून वाजते, त्यामुळे जुने गट आपोआप घोटले जातात आणि लक्ष फक्त नव्या दिव्यावर द्यावं लागतं.

आता सुरांकडे या. बेअर यांनी बिगुलावर वाजणारे चार स्वर निवडले, कारण ते कोणत्याही क्रमाने आले तरी कानाला बेसूर लागत नाहीत. आपल्या भाषेत ते मंद्र पंचम (खालचा प), षड्ज (सा), शुद्ध गंधार (ग) आणि मध्य पंचम (वरचा प). पेटी शिकणाऱ्या मुलांना हे दोन मिनिटांत उमगतं. खेळण्याआधी कोणत्या रंगाचा कोणता सूर हे यंत्रावरच ऐकून घ्या आणि साखळी चालू असताना ओठ मिटून गुणगुणा. दहाच्या पुढे रंग विसरले तरी चाल आठवते. सावध राहायचं ते दोन पंचमांत. एक सप्तक खाली-वर असले तरी स्वर एकच, घाईत कान फसतो. ती दोन बटणं तेवढी नजरेनेही टिपावीत.

बोटं कशी ठेवता यालाही महत्त्व आहे. दोन्ही हात वापरा, डाव्याकडे हिरवं-पिवळं, उजव्याकडे लाल-निळं. बटण पूर्ण दाबा, सूर ऐका, मग सोडा. यंत्राचं वाजवणं संपायच्या आत हात घालू नका. समोरासमोर बसून खेळाल तर समोरच्याला सगळं उलटं दिसतं. म्हणून यंत्र फिरवून पुढच्याच्या हातात द्या. व्हरांड्यातल्या उन्हात दिवे दिसेनासे होतात, खोलीत बसा. शेंगाचटणी-भाकरी खाऊन उठलेल्यांना आधी हात धुवायला लावा. तेलकट बोटं घसरतात आणि चटणीचा भुगा बटणाच्या फटीत जातो.

चौघं असतील तर दुसरा डाव लावा: यंत्र एक दिवा देतं, पहिला तो दाबून स्वतःचा एक जोडतो, पुढचा दोन्ही दाबून तिसरा जोडतो. एकट्याने खेळण्यापेक्षा याला जास्त रंगत येते, कारण समोरचा मुद्दाम एकच रंग तीनदा देतो आणि मोजणी चुकवतो. तिसऱ्या डावात प्रत्येकाने एक रंग घ्यायचा आणि फक्त आपलाच दाबायचा. चुकला तो रंगासकट बाद.

एकदा दाबलं तरी दोनदा मोजलं जातंय? बटणाखाली धूळ किंवा कापडाच्या मागाची पिंज बसली असेल. सेल काढा, तळाचे स्क्रू उघडा, रबरी पॅड आणि खालची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसा. जोर लावलात तर पॅडवरचा काळा कार्बनचा ठिपकाच निघून येईल. दिवे मंद होऊन सूर घोगरा झाला तर सेल बदला, सगळे एकदम. जुने-नवे मिसळले तर जुने गळतात. मूळ यंत्राला दोन मोठे डी सेल आणि एक नऊ व्होल्टचा चौकोनी लागतो. नव्यांत तळाशी लिहिलेलं असतं.

सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या जत्रेत अशा तऱ्हेचं चार दिव्यांचं खेळणं दिसलं तर दुकानदाराकडूनच सेल घालून घ्या आणि चारही बटणं एकेक दाबून सूर ऐका. चारही सारखेच वाजत असतील तर घेऊ नका.