‘आरोग्यदायी’ पाकिटातील कृत्रिम घटक: या चुका टाळा

आरोग्यदायी म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद पदार्थाच्या दर्शनी बाजूवरचा मजकूर विक्रीसाठी लिहिलेला असतो, तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेली घटकांची यादी कायद्याच्या सक्तीमुळे छापलेली असते. खरेदी करताना आपण बहुतेक वेळा पहिली बाजू वाचतो आणि दुसरी घरी गेल्यावर वाचू म्हणून सोडून देतो. कृत्रिम रंग, प्रिझर्वेटिव्ह, गोडवा देणारी रसायने आणि दाटपणा आणणारे घटक, म्हणजे एकूणच ज्यांना ॲडिटिव्ह म्हटले जाते ते पदार्थ, या सवयीमुळे आपल्या नजरेतून निसटतात. अनेक वर्षे अशा याद्या वाचल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, एखादा घटक चांगला की वाईट हे ठरवण्याआधी तो कशाच्या जागी आला आहे हे विचारावे. या एका प्रश्नाने यादीतला बराच गोंधळ दूर होतो.

चूक: ‘नाही’ या शब्दावर विसंबणे

‘फॅट नाही’, ‘साखर नाही’, ‘ग्लूटेन नाही’ या घोषणा पदार्थातून काय काढले ते सांगतात. काढलेल्या घटकाचे काम आता कोण करते आहे, ते मात्र मागच्या यादीतच सापडते. दह्यातला स्निग्धांश त्याला दाटपणा देतो आणि चव जिभेवर रेंगाळत ठेवतो. तो काढला की दही पातळ आणि बेचव लागते, म्हणून मॉडिफाइड स्टार्च (१४२२ किंवा १४४२; कंसात ॲडिटिव्हचा यादीत छापला जाणारा क्रमांक आहे), पेक्टिन (४४०), ग्वार गम (४१२) किंवा कॅराजीनन (४०७) यांच्या मदतीने दाटपणा परत आणला जातो आणि चवीसाठी साखर किंवा तिचा पर्याय वाढवला जातो. ग्लूटेनविरहित पावाची गोष्टही अशीच आहे. गव्हातले ग्लूटेन पिठात हवा धरून ठेवते. ते नसले की पाव भुसभुशीत होऊन तुटतो, त्यामुळे झँथन गम (४१५) किंवा हायड्रॉक्सीप्रोपाइल मिथाइल सेल्युलोज (४६४) घालावे लागते. ज्याला सीलिॲक आजार आहे, म्हणजे ग्लूटेनमुळे ज्याच्या आतड्याला इजा होते, त्याच्यासाठी हा बदल अत्यावश्यक असतो. ज्याला तो नाही, त्याने केवळ आरोग्यासाठी म्हणून असा पाव घेण्याचे कारण मला दिसत नाही.

साखरेच्या बाबतीत ही अदलाबदल सर्वांत गुंतागुंतीची असते, कारण साखर फक्त गोडवा देत नाही. बिस्किटाला आकारमान देणे, भाजताना तपकिरी रंग आणणे आणि ओलावा धरून ठेवणे ही कामेही तीच करते. तिच्या जागी आकारमानासाठी माल्टिटॉल (९६५) किंवा माल्टोडेक्स्ट्रिन येते आणि गोडव्यासाठी सुक्रालोज (९५५), ॲसेसल्फेम पोटॅशियम (९५०) किंवा ॲस्पार्टेम (९५१) येते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिली जाते हे पुष्कळांना ठाऊक असते, आणि म्हणून यादीच्या शेवटी आलेला घटक किरकोळ आहे असे ते धरून चालतात. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते, त्यामुळे ते शेवटच्या जागी असूनही संपूर्ण पदार्थाची चव ठरवू शकते. यादीतला क्रम वजन सांगतो, परिणाम सांगत नाही.

माल्टोडेक्स्ट्रिनकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यायला हवे. काटेकोर अर्थाने अनेक देशांत ते ॲडिटिव्ह मानले जात नाही, त्यामुळे त्याला क्रमांकही नसतो. ते स्टार्चपासून बनते, जवळजवळ गोड लागत नाही आणि पोषणतक्त्यातल्या ‘साखर’ या ओळीत त्याचा बहुतांश भाग मोजला जात नाही. शरीरात मात्र त्याचे ग्लुकोजमध्ये रूपांतर फार लवकर होते. प्रोटीन पावडर, एनर्जी बार आणि झटपट सूप यांच्या पाकिटावर साखर शून्य किंवा नगण्य दिसली, तरी ‘एकूण कर्बोदके’ ही ओळ वाचल्याशिवाय मधुमेही व्यक्तीने निश्चिंत होऊ नये.

चूक: प्रत्येक क्रमांकाला घाबरणे

वरच्या चुकीची ही दुसरी बाजू आहे आणि तीही तितकीच दिशाभूल करणारी आहे. कंसातले हे क्रमांक कोडेक्स ॲलिमेंटारियस या आंतरराष्ट्रीय अन्नमानक व्यवस्थेने ठरवलेले आहेत आणि युरोपात त्यांच्या आधी ‘ई’ हे अक्षर लावतात. ३०० म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, अर्थात क जीवनसत्त्व. १०० म्हणजे हळदीतले कर्क्युमिन, ३३० म्हणजे लिंबात असणारे सायट्रिक ॲसिड, १०१ म्हणजे ब२ जीवनसत्त्व. ज्याचे नाव उच्चारता येत नाही ते खाऊ नये, हा समाजमाध्यमांवर फिरणारा नियम या घटकांना नापास करील आणि ‘यीस्ट एक्स्ट्रॅक्ट’सारख्या साध्या नावाखाली आलेल्या घटकाला पास करील, म्हणून तो सोडून द्यावा हे बरे.

क्रमांकांचे ढोबळ गट लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे: १०० ते १९९ हे रंग, २०० ते २९९ हे प्रिझर्वेटिव्ह, ३०० ते ३९९ यांत प्रामुख्याने अँटिऑक्सिडंट आणि आम्लता राखणारे घटक, ४०० ते ४९९ यांत दाटपणा आणणारे घटक आणि इमल्सिफायर (तेल व पाणी एकजीव ठेवणारे घटक), ६२० पासून पुढे चव वाढवणारे घटक, आणि ९५० च्या आसपास साखरेचे पर्याय. टिकाऊपणासाठी घातलेला प्रिझर्वेटिव्ह पदार्थाला बुरशी आणि जिवाणूंपासून वाचवत असतो. ते काम खरे आहे आणि त्याचा लाभही खरा आहे. पण ज्या पदार्थात एकाच वेळी रंग, फ्लेवर, दाटपणा आणणारा घटक आणि साखरेचा पर्याय असे चारही गट हजर असतात, तिथे मूळ फळ, दूध किंवा धान्य किती उरले आहे, ही शंका घेणे योग्य ठरते. पाकिटावर फळाचे मोठे चित्र असेल, तर यादीत त्या फळापुढे छापलेली टक्केवारी शोधावी.

चूक: ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून तपास थांबवणे

नायट्राइट हे मांस टिकवण्यासाठी घातले जाते. ‘वेगळे नायट्राइट घातलेले नाही’ असे लिहिलेल्या प्रक्रिया केलेल्या मांसाच्या यादीत अनेकदा सेलरीची पावडर किंवा सेलरीचा रस आढळतो. सेलरीत नायट्रेट मुबलक असते, जिवाणूंच्या साहाय्याने त्याचे नायट्राइट बनवले जाते, आणि ते सोडियम नायट्राइटमधून (२५०) मिळणाऱ्या नायट्राइटपेक्षा रासायनिकदृष्ट्या जराही वेगळे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, टाकले. तो निष्कर्ष प्रक्रिया केलेल्या मांसाविषयी आहे. नायट्राइट भाजीतून आले म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

‘एमएसजी नाही’ या घोषणेचेही तेच आहे. एमएसजी, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट हा चव वाढवणारा घटक (६२१), टाळणाऱ्या पदार्थात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन असेल, तर त्यातही मुक्त ग्लुटामेट असतेच. बहुतेक लोकांना नेहमीच्या प्रमाणात ग्लुटामेटचा त्रास होत नाही, आणि म्हणून माझा आक्षेप ग्लुटामेटवर नाही. जो माणूस ते टाळण्यासाठी जास्त पैसे मोजतो, त्याला तेच दुसऱ्या नावाने मिळावे, यावर माझा आक्षेप आहे.

चूक: एकेका पाकिटाचा विचार करणे आणि दिवसभराची बेरीज न करणे

परवानगी असलेल्या अनेक ॲडिटिव्हसाठी रोज आयुष्यभर घेतले तरी चालेल असे प्रमाण शरीराच्या वजनानुसार ठरवलेले असते. ॲस्पार्टेमसाठी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ते वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम असे ठरवले आहे. जुलै २०२३ मध्ये आयएआरसीने ॲस्पार्टेमला ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ अशा २ब गटात टाकले आणि त्याच वेळी त्या तज्ज्ञ समितीने ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम ठेवली. या दोन बातम्या परस्परविरोधी वाटल्या तरी तशा नाहीत, कारण पहिली संस्था धोका असू शकतो का हे पाहते आणि दुसरी किती प्रमाणात तो संभवतो हे पाहते. ७० किलो वजनाच्या प्रौढाची मर्यादा २,८०० मिलिग्रॅम होते आणि डाएट शीतपेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असू शकते, म्हणजे त्याला नऊहून अधिक कॅन प्यावे लागतील. पण १५ किलो वजनाच्या मुलासाठी हाच हिशेब केला तर मर्यादा ६०० मिलिग्रॅमवर येते आणि ती दोन-तीन कॅनमध्येच गाठली जाते. त्यात च्युइंगम, साखरविरहित जेली आणि चघळायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांची भर पडते. एखाद्या दिवशी मर्यादा ओलांडली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रोजची सवय मात्र तपासावी. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी ॲस्पार्टेम पूर्णपणे टाळायचे असते.

वजन कमी करण्यासाठी साखरेचे पर्याय घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन नियंत्रणाचा उपाय म्हणून असे पर्याय वापरू नयेत अशी शिफारस केली. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही.

मुलांच्या बाबतीत रंगांचाही विचार करावा लागतो. २००७ मध्ये ब्रिटनमधील साउदॅम्प्टन येथे झालेल्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट (२११) यांच्या मिश्रणाचा मुलांच्या चंचलतेशी संबंध दिसला. त्यानंतर युरोपीय संघाने टार्ट्राझीन (१०२), क्विनोलिन यलो (१०४), सनसेट यलो (११०), कार्मोइसिन (१२२), पाँसो ४आर (१२४) आणि ॲल्युरा रेड (१२९) हे सहा रंग असलेल्या पदार्थांवर २०१० पासून इशारा छापणे सक्तीचे केले.

चूक: परवानगी कायमची आहे असे समजणे

टायटॅनियम डायऑक्साइड (१७१) हा पांढरा रंग दशकानुदशके वापरात होता. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये तो यापुढे सुरक्षित मानता येणार नाही असे सांगितले आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने अन्नातला त्याचा वापर बंद केला. इमल्सिफायरविषयीचे संशोधन अजून चालू आहे: २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगात कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज (४६६) आणि पॉलिसॉर्बेट ८० (४३३) यांमुळे आतड्यातील जिवाणूंचे संतुलन बिघडल्याचे आणि सौम्य दाह झाल्याचे आढळले. पुढे माणसांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात ४६६ रोज १५ ग्रॅम दिल्यावर काही बदल दिसले, पण हे प्रमाण नेहमीच्या आहारापेक्षा पुष्कळ जास्त आहे. तेव्हा वनस्पतिजन्य दूध किंवा सॅलड ड्रेसिंग यांत हे क्रमांक दिसले तर घाबरून जाऊ नये. पर्याय उपलब्ध असल्यास ते नसलेले पाकीट निवडावे.

त्रास होऊ लागल्यास यादीत काय शोधावे

साखरविरहित पदार्थ सुरू केल्यावर पोट फुगणे किंवा जुलाब होणे असा त्रास झाला, तर सॉर्बिटॉल (४२०), मॅनिटॉल (४२१), माल्टिटॉल (९६५), झायलिटॉल (९६७) आणि त्यांच्या जोडीला इन्युलिन किंवा चिकोरीचे फायबर आहे का ते पाहावे. हे घटक लहान आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात आंबतात आणि पाणी ओढून घेतात. एरिथ्रिटॉल (९६८) बरेचसे शोषले जात असल्याने हा त्रास तुलनेने कमी देते. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल असलेली कोणतीही वस्तू त्याच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नये, कारण ते कुत्र्यासाठी विषारी असते.

सुकामेवा खाल्ल्यावर छातीत घरघर होऊ लागली, तर २२० ते २२८ या सल्फाइट गटाचा संशय घ्यावा. सुकवलेले जर्दाळू तेजस्वी केशरी दिसत असेल तर त्यावर बहुधा सल्फर डायऑक्साइडची प्रक्रिया झालेली असते. तिच्याशिवाय सुकवलेले जर्दाळू तपकिरी पडते. दम्याच्या रुग्णाने ‘पुन्हा खाऊन बघू’ असा प्रयोग घरी कधीही करू नये.

‘कमी सोडियम’ असे लिहिलेले मीठ आणि सूप हा माझ्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित प्रकार आहे. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड (५०८) घातलेले असू शकते. निरोगी माणसाला ते सहसा चालते, परंतु मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत साठू शकते आणि हृदयाची लय बिघडू शकते. घरात असा रुग्ण असेल, तर हे मीठ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

नेमके कशाचे वावडे आहे हे कळत नसेल, तर एका वेळी एकच पदार्थ दोन आठवड्यांसाठी बंद करावा, बाकीचा आहार तसाच ठेवावा आणि काय खाल्ले, किती वाजता खाल्ले व त्रास कधी झाला हे रोज लिहून ठेवावे. एकदम पाच गोष्टी सोडल्या की बरे वाटूनही कारण हाती लागत नाही. ज्या पाकिटाचा संशय असेल त्याच्या मागच्या बाजूचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण उत्पादक दर्शनी बाजू न बदलताही घटक बदलू शकतात, आणि सहा महिन्यांपूर्वी सोसलेला पदार्थ आज का सोसत नाही याचे उत्तर त्या दोन छायाचित्रांच्या तुलनेत मिळू शकते.