कुत्रा जाड झालाय? फिरवणं राहू द्या, आधी कॅल्क्युलेटर काढा

आपल्याकडे कुत्रा जाड झाला की पहिला सल्ला हाच मिळते, "फिरवा नं त्याले", मग लोक नागपूरच्या फुटाळा तलावावर लॅबला (लॅब्राडॉर कुत्र्याला) ओढत नेऊन राहिले दिसतात. फिरवा, हरकत नाही, पण ३० किलोचा कुत्रा ३ किलोमीटर चालला तरी अंदाजे ९०-१०० कॅलरीच जातात अन् घरी येऊन तेल लावलेली एक पोळी खाल्ली की तेवढ्या परत आल्या. वजन उतरते ते वाटीतून.

आधी बरगड्यांवरून हात फिरवा. बोटं दाबल्याशिवाय बरगड्या लागत नसतील आणि वरून पाहिलं तर कंबर दिसत नसेल तर तो जाडच आहे, "गुटगुटीत" वगैरे काही नाही. मग डॉक्टरकडे नेऊन नीट वजन करा, थायरॉइड तपासायचं का तेही विचारा, आणि त्याचं वजन किती पाहिजे हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

आता मेन गोष्ट. हिशोब आजच्या वजनावर नाही, पाहिजे त्या वजनावर करायचा. समजा लॅब ३८ चा आहे आणि ३० वर आणायचाय. मोबाइलवर ३० गुणिले ३० गुणिले ३० करा, २७००० येते, त्यावर वर्गमुळाचं बटन दोनदा दाबा, १२.८ च्या आसपास येते, त्याला ७० ने गुणा. झाल्या जवळपास ९०० कॅलरी, दिवसभराच्या, सगळं धरून. ८ किलोवर आणायच्या पग जातीच्या कुत्र्याला याच हिशोबाने ३३० च्या जवळपास लागतात, म्हणून पगला दिलेलं एक बिस्किट लॅबच्या बिस्किटापेक्षा जास्त महागात पडते.

या ९०० मधल्या ९० च्या वर ट्रीटमध्ये जाऊ द्यायच्या नाहीत. उरलेल्या ८१०. पाकिटावर १०० ग्रॅमला ३६० कॅलरी लिहिलं असेल तर २२५ ग्रॅम, आणि ते किचनच्या काट्यावर मोजायचं, कपाने नाही, कप प्रत्येकाच्या हातात वेगळाच भरतो. नेहमीचंच फूड खूप कमी केलं तर प्रोटीन अन् व्हिटॅमिनही कमी पडतात, त्यापेक्षा वजन कमी करायचं फूड डॉक्टरला विचारून घेतलेलं बरं. पोट भरल्यासारखं वाटायला उकडलेला दुधी, फरसबी, काकडी टाका, तेलमीठ नाही.

खरा घोळ मात्र घरच्यांचा असते. आजी पोळीचा तुकडा टाकते, पोट्टे बिस्किट, काका तर्री पोह्यातले पोहे, आणि सगळे म्हणतात मी तर इतकुसंच दिलं. उपाय एकच, सकाळी दिवसभराचं सगळं मोजून एका डब्यात भरा, ज्याला लाड करायचे त्याने त्याच डब्यातून करावे, डबा रिकामा म्हणजे विषय संपला. सावजीचा रस्सा तर अजिबात नाही, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे, द्राक्षं अन् मनुकाही. संत्र्याच्या एक-दोन फोडी बिया काढून चालतात, पण त्याही ९० मध्ये मोजा. लॅबवाल्यांना जरा जास्त त्रास आहे, जवळपास चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमध्ये बिघाड असते आणि त्याला भूक जास्त लागते, त्यामुळे त्याच्या डोळ्याकडे पाहून निर्णय घेऊ नका.

आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरलं की बरोबर चाललंय, ३८ किलोला म्हणजे ३८० ते ७६० ग्रॅम. दर दोन आठवड्यांनी एकाच काट्यावर वजन करा. हललंच नाही तर आधी डब्याबाहेरचं कोण देऊन राहिलं ते शोधा, मग १० टक्के कमी करा. फारच भराभर उतरत असेल किंवा खाणंच सोडलं तर डॉक्टर.

मे महिन्यात पारा ४५ ला टेकते तेव्हा फिरवणं सकाळी सहाच्या आत आटपा, जाड कुत्र्याला ऊन लवकर लागते. आणि ३० वर आला की जुन्या वाटीवर जाऊ नका, बारीक झालेल्या कुत्र्याला आधीपेक्षा कमीच लागते, १०-१० टक्के वाढवत जिथे वजन थांबेल तिथे थांबा.