अंध विद्यार्थ्याची नोकरीची तयारी: अकरावीपासून काय करायचं

आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणासाठी अपंगत्व किमान 40 टक्के लागतं. कार्डावरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन्‌अक्षर जुळवून घ्या. कागदपत्रांच्या तपासणीत गाडी अडते ती इथेच.

संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि माउस पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा. वेबपानावर ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक, ‘एफ’ दाबलं की अर्जातला पुढचा रकाना. अर्ज विद्यार्थ्यालाच भरू द्या, कितीही वेळ लागो.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो लेखनिकासोबतचा, म्हणजे परीक्षेत प्रश्न वाचून विद्यार्थ्याची उत्तरं लिहिणाऱ्या मदतनिसासोबतचा सराव. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात खरी, पण लेखनिक अनोळखी असला की ती एकमेकांना समजून घेण्यातच जातात. म्हणून दर सराव परीक्षेला लेखनिक बदला, वेळ मात्र पूर्ण लावा. सूचना विद्यार्थ्यानेच द्यायच्या: आधी प्रश्न, मग चारही पर्याय; तक्ता असेल तर आधी स्तंभांची नावं, मग एकेक ओळ. लांबलचक आकडेमोड डोक्यात ठेवायला लावू नका, आकडे निसटतात. अबॅकस (मण्यांची पाटी) किंवा टेलर फ्रेमवर (खाचांत खुंट्या बसवून आकडे मांडायची पाटी) हात बसवा.