रोज गोळी घेऊनही टीएसएच उतरत नव्हता: माझा अनुभव

थायरॉइडची गोळी एकही दिवस चुकवली नव्हती, तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं आणि जास्त झालं की उतरणारं संप्रेरक) 9च्या आसपास. दुपारनंतर डोळे मिटायला लागायचे, भांग पाडताना कंगवाभर केस यायचे. डोस 50 वरून 75, मग 100 मायक्रोग्रॅम केला. कंपनीही बदलून पाहिली. "गोळ्या नीट घेता ना?" हे दर वेळी ऐकून रडू यायचं.

चूक डोसमध्ये नव्हतीच. सकाळी एकाच डबीतून मी लेव्होथायरॉक्सिन (म्हणजे थायरॉइडची गोळी), कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकदम गिळत होते, वर लगेच कॉफी. कॅल्शियम आणि लोह हे औषध आतड्यातच बांधून ठेवतात; ते रक्तात पुरेसं पोचतच नाही.

डॉक्टरांना विचारून केलेला बदल, याच क्रमाने: उठल्याबरोबर फक्त थायरॉइडची गोळी, साध्या पाण्याबरोबर. मग पूर्ण एक तास काही नाही, कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोह किमान 4 तासांनंतर. या दोन्हींची डबीच वेगळी केली, थायरॉइडची बाटली उशाशी. मग 6 आठवडे थांबले. या औषधाचं अर्धायुष्य (शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण 7 दिवसांचं असतं, म्हणून 6 आठवड्यांआधी तपासून खरा आकडा कळत नाही. केसांसाठीचं बायोटिन तपासणीच्या 2 दिवस आधी बंद केलं, कारण त्याने काही चाचण्यांत टीएसएच खोटाच कमी दिसतो.

आकडा आला 0.2! गोळी आता पूर्ण लागू पडत होती, म्हणून 100चा डोस जास्त झाला होता. डॉक्टरांनी तो 75 केला, आणखी 6 आठवड्यांनी टीएसएच 2.1. तुम्ही हा बदल केलात आणि छातीत धडधड किंवा हाताला कंप जाणवला, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.